क्युसेक नको, पायरी सांगा

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यात पूरनियंत्रणाचं काम पाहणारे सर्व अधिकारी आणि कर्मचारी

विषय: धरणातून पाणी सोडताना नदीकाठच्या माणसाला समजेल अशा शब्दांत इशारा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझे वडील नारायण पेठेत वाढले. आमच्या वाड्याच्या जिन्यात, सातव्या पायरीशी भिंतीत एक खिळा होता. गंजलेला, थोडा वाकलेला. त्याला कधी कुणी पिशवी अडकवली नाही की कॅलेंडर टांगलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमच्या वाड्यात ते जिथवर चढलं, तिथे आजोबांनी घरातला चिखल काढून झाल्यावर तो खिळा ठोकला. माझ्या लहानपणी पाऊस चार-चार दिवस लागून राहिला की आजी जिन्यात उभी राहून आम्हाला खिळा दाखवायची. "इथपर्यंत आलं होतं. कुणी सांगितलं पाणी येतंय, तर विचार करत बसायचं नाही. धान्याचे डबे माळ्यावर आणि आपण वर."

पुढे वाडा पाडला. खिळा राड्यारोड्याबरोबर गेला.

त्या खिळ्याइतका नेमका इशारा मला आयुष्यात पुन्हा मिळालेला नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

गेली अठरा वर्षं मी सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहते. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. २४ जुलै २०२४ च्या रात्री माझ्या फोनवर, सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत आलेला एक मेसेज होता. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आहे, इतके इतके क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, अशा अर्थाचा. मी तो वाचला, पुढे आणखी दोन ग्रुपवर पाठवला आणि झोपले. आज हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटतं. पण त्या रात्री मला खरोखर काही कळलं नव्हतं. तो आकडा मोठा होता की लहान? आमच्या गेटपर्यंत पाणी येईल की पार्किंगमध्ये शिरेल? सतर्क राहायचं म्हणजे जागं राहायचं, गाड्या हलवायच्या, की तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच वर न्यायचं?

पहाटे वॉचमनदादा दार बडवत आले. "मॅडम, पाणी खालून येतंय." मला वाटलं गेटमधून. ते म्हणाले, "नाही, गटारीतून." आणि तसंच होतं. संरक्षक भिंतीच्या पलीकडे नदी अजून खाली होती. पण पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण बुडबुडत होतं, तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. ज्या पाइपांनी आमचं पावसाचं पाणी नदीत जातं, त्यांचीच तोंडं नदीत बुडाली होती, त्यामुळे पाणी उलटं फिरलं. भिंतीकडे बघत बसलेला माणूस अशा वेळी फसतो. आम्ही फसलो.

तळमजल्यावर एक काकू राहतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, चालायला वॉकर लागतो. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यातून वर नेलं, तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. अर्ध्या जिन्यात काकूंना आठवलं, गोळ्यांचा डबा खालीच राहिला. मी परत उतरले. तेवढ्या वेळात पाणी गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि फ्रिज तरंगून दाराला आडवा आला होता. डबा ओट्यावर होता म्हणून मिळाला. वर आले तेव्हा हातपाय थरथरत होते, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मेसेज तर रात्रीच आला होता.

म्हणजे इशारा मिळालाच नाही असं मी म्हणत नाही. मिळाला होता. मला तो वाचता आला नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे अठ्ठावीस लिटर. त्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला होता. हिशोब मांडून पाहिला तर दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. आमच्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दर सेकंदाला शंभर टँकर. हा हिशोब मी नंतर, चिखल काढून झाल्यावर, कागद-पेन्सिल घेऊन केला. रात्री अकरा वाजता अंथरुणात कोण करणार?

क्युसेक हे माप चुकीचं नाही. दरवाजे चालवणाऱ्यांना तेच लागतं. धरणात किती येतंय, किती सोडायचं, दरवाजा किती उचलायचा, हे त्यातच ठरतं. माझी तक्रार एवढीच आहे की ते माप धरणाच्या दारातून निघतं आणि जसंच्या तसं आमच्या दारात येतं. मधल्या वाटेत त्याचा अर्थ कुणी लावून देत नाही.

आणि अर्थ लावला की लोकांना कळतं, याचा पुरावा आपल्या शहरातच आहे. "भिडे पूल पाण्याखाली गेला" एवढं वाक्य कानावर आलं की पुण्यातल्या शाळकरी मुलालाही समजतं, नदीपात्रातला रस्ता बंद, डेक्कनकडून पलीकडे जायचं तर लकडी पुलावरून किंवा दुसरीकडून वळसा. त्या वेळी किती क्युसेक होते हे शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. सांगायची गरजही पडत नाही. त्याआधीच्या पिढ्यांची मापं तशीच होती. घाटाच्या अमक्या पायरीला पाणी लागलं, ओंकारेश्वरापाशी आलं, अशी. भिडे पूल डेक्कनवाल्यांसाठी झाला. विठ्ठलवाडीच्या, एकतानगरीच्या, पुलाच्या वाडीच्या, पाटील इस्टेटच्या माणसाचा भिडे पूल कुठे आहे?

२०२४ च्या त्या पहाटेनंतर आम्ही आमच्यापुरता तो तयार करायला घेतला. पार्किंगच्या एका खांबावर ऑइलपेंटने दर अर्ध्या फुटाला पट्टे मारले. एक वही घातली. विसर्गाचा आकडा जाहीर झाला की तो लिहायचा, वेळ लिहायची, आणि दर अर्ध्या तासाने पाणी कुठे आहे ते लिहायचं: घाटाच्या खालच्या पायरीशी, झाडाच्या बुंध्याशी, चेंबर भरला, खांबाचा पहिला पट्टा. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा पाणी आलं, लष्कराचे जवान मदतीला आले होते, तेव्हा वही उपयोगी पडली. चेंबर बुडबुडायला लागायच्या आधीच काकू वर होत्या. गाड्या वरच्या रस्त्यावर होत्या. नुकसान झालंच, पण त्या वेळी कुणाला गुडघाभर पाण्यात गोळ्या आणायला उतरावं लागलं नाही.

एका वहीने हे जमत असेल, तर तुमच्याकडे तर कितीतरी जास्त आहे. पूररेषा तुम्ही आखल्या आहेत. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. त्या आखायला नदीचं पात्र मोजावंच लागतं, पाणी कुठे किती चढेल हे काढावंच लागतं. ते कागद आज बांधकामाच्या परवानग्यांसाठी उघडले जातात. तेच कागद आमच्या भिंतीपर्यंत आणा, एवढीच विनंती आहे. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत, सगळ्यांना दिसेल अशा एका जागी, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर, पुलाच्या खांबावर, रंगाच्या पट्ट्या मारा आणि त्यांना नंबर द्या. मग मेसेज असा पाठवा: "खडकवासल्यातून पाणी वाढवलं आहे. तुमच्या भागात पहाटे चारपर्यंत पाणी तिसऱ्या पट्टीला लागेल. तळमजला आत्ता रिकामा करा." क्युसेक हवं तर खाली बारीक अक्षरात लिहा.

यातली वेळही तितकीच महत्त्वाची आहे. दरवाजा उचलल्यावर पाणी विठ्ठलवाडीला किती वेळात पोचतं, डेक्कनला किती, संगमाच्या पुढे किती, हे तुमच्यातल्या अनुभवी माणसांना तोंडपाठ असणार. आम्हाला ते माहीत नाही, म्हणून आम्ही एक तर उगाच घाबरतो, नाहीतर उशिरा उठतो.

खडकवासल्याची अडचण मला थोडीफार समजते, आणि ती इतरांनाही समजावी असं वाटतं. वरच्या बाजूला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी मावतं, पण त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. शिवाय वरच्या तीन धरणांच्या खाली जो डोंगराळ पट्टा आहे, तिथला पाऊस मध्ये कुठेही न अडता थेट खडकवासल्यात उतरतो. घाटात धो-धो कोसळलं की हे लहान धरण बघता बघता काठोकाठ येतं, आणि पाणी सोडण्यावाचून इलाज राहत नाही. जुलै २०२४ च्या त्याच दिवसांत ताम्हिणी घाटात चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला होता. पुणे शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसात! अशा रात्री दरवाज्यांपाशी जी माणसं जागत असतात त्यांच्यावर काय ताण असेल याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पाणी सोडू नका असं कुणीच म्हणत नाही. फक्त सोडायच्या आधी सांगा, आणि कळेल असं सांगा.

आमच्याकडे पाणी शिरलं त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तीन तरुण गेले. पाणी वाढतंय म्हणून आपली हातगाडी सुरक्षित जागी हलवत होते, आणि विजेचा धक्का बसला. तिघेही बुडाले नव्हते. ही बातमी वाचली तेव्हा मला आमचं पार्किंग आठवलं. मीटरचा बोर्ड तळमजल्यावर, कमरेएवढ्या उंचीवर. मी त्याच्या शेजारून, गुडघाभर पाण्यातून, गोळ्यांचा डबा घेऊन चालत आले होते. त्या क्षणी मनात विजेचा विचारसुद्धा आला नव्हता. म्हणून त्या पट्टीचा संबंध विजेशीही जोडा. पाणी अमुक पट्टीला लागेल असं दिसलं की त्या वस्तीतला पुरवठा तिथूनच बंद व्हायला हवा. मेन स्विच बंद करायला माणूस पाण्यात उतरतो आणि तिथेच जातो. नदीकाठच्या सोसायट्यांना मीटर वरच्या मजल्यावर घ्यायला सांगा, त्याची परवानगी सोपी करा. आम्ही आमचे हलवले. त्यासाठी जे खेटे घालावे लागले ते सांगत बसत नाही.

आतापर्यंत मी नदीबद्दल लिहिलं. ओढ्याचं दुखणं वेगळं आहे, आणि मला वाटतं जास्त गंभीर.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या बाजूला संध्याकाळनंतर कोसळलेला पाऊस काही तासांत अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा सगळीकडे घुसला. भिंत पडली, माणसं गेली, गोठ्यातली जनावरं गेली, गाड्या एकावर एक चढल्या. शहरात आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं त्या रात्री गेली. धरणाचा दरवाजा उघडला नव्हता, त्यामुळे क्युसेकचा आकडाही नव्हता. मेसेज पाठवायला कुणाच्या हातात काहीच नव्हतं.

आंबिल ओढा हा काही अनोळखी नाला नाही. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीखाली तळं केलं, आणि त्या तळ्यातला गणपती आज सारसबागेत आहे. शहर वाढलं तसा ओढा भिंतींमध्ये आवळत गेला. रामनदी, नागझरी, भैरोबा नाला यांचीही तीच गत. एरवी त्यातून घोटाभर पाणी वाहतं, वास येतो, लोक नाक धरून पुलावरून जातात. त्यामुळेच तो दोन तासांत माणूस बुडेल इतका चढू शकतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ओढ्याला धरणासारखा दरवाजा नसतो, पण वरचा टप्पा असतो. कात्रजच्या तलावापाशी पाणी वाढलं हे खालच्या अरण्येश्वरला आधी कळलं पाहिजे. प्रत्येक पुलाच्या खांबावर तीच पट्टी, आणि वरच्या पुलाची पट्टी बुडाली की खालच्या तीन वस्त्यांत भोंगा. मोठं यंत्र नंतर बसवा. आधी वरच्या वस्तीतल्या दोन जबाबदार माणसांचे नंबर खालच्या वस्तीतल्या दोघांकडे असू द्या. आमच्याकडे वरच्या अंगाला राहणाऱ्या एका भाजीवाल्या ताई आहेत. त्यांच्या घरामागून पाणी वाढलं की त्या मिस्ड कॉल देतात. तो कॉल आजवर कधी खोटा ठरलेला नाही.

भोंग्याबद्दल एक सांगायचंच आहे. इशारा देणारी गाडी मुख्य रस्त्याने फिरते आणि आत गल्लीत "सतर्क" एवढाच शब्द ऐकू येतो, तोही पावसाच्या आवाजात विरलेला. पावसात माणूस ओरडून फार लांब सांगू शकत नाही. म्हणून आवाजाची खूण ठरवा: एक लांब भोंगा म्हणजे गाड्या काढा, तीन भोंगे म्हणजे घर सोडा. पावसाळ्याआधी एकदा रविवारी सकाळी वाजवून दाखवा. लोक बाल्कनीत येतील, विचारतील, मुलं ती खूण खेळात वापरतील. एवढं झालं की ती विसरणार नाहीत.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, पट्टी सांगितली आणि पाणी तिथवर आलं नाही तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. या भीतीचा मी बराच विचार केला आहे. पात्रात भराव पडतो, राडारोडा पडतो, एखादं काम चालू असतं, पुलाच्या कमानीत झाडं आणि जलपर्णी अडकते, आणि तेवढ्याच विसर्गाला पाणी फूट-दोन फूट वर चढतं. म्हणजे अंदाज चुकणार. पण त्यावर उपाय दरवर्षी तपासणी हा आहे. मेमध्ये पात्र पाहा, पट्ट्यांचा हिशोब नव्याने करा, आणि तो जाहीर करा. आणि अंदाज एका पट्टीने चुकला तरी चालेल. रात्री सामान वर नेलं आणि सकाळी परत खाली आणलं, तर पाठ दुखते. बाकी काही होत नाही. आम्ही हे तीनदा केलं आहे, आणि तिन्ही वेळा कुणी तुमच्या नावाने बोटं मोडली नाहीत.

सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर जाणाऱ्यांनाही हीच भाषा लागते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला, रविवारीच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघे गेले. "धोकादायक ठिकाण" ही पाटी तिथे येणाऱ्या माणसाला काही सांगत नाही, कारण तो उभा असतो तेव्हा पाणी घोट्याएवढंच असतं. त्याला हे सांगायला हवं की वर डोंगरात पाऊस चालू आहे, पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात काटक्या-पाला दिसायला लागला, की उभं राहू नका, लगेच बाहेर या. वेगाने वाहणारं अर्धा फूट पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा पाय उचलतं. दोन फूट पाणी चारचाकी ढकलून नेतं. पुलावरून पाणी वाहत असताना "गाडी जाईल" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं. खूण लिहा, दगडावर रंगवा, स्थानिक मुलांना तिथे उभं करा, त्यांना शिट्टी द्या आणि त्या दिवसाची मजुरी द्या. डोह कुठे खोल आहे हे त्या गावातल्या पोरांइतकं कुणालाच माहीत नसतं.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, हेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र नुसती मागणी होईल. तळमजल्यावर कोण राहतं, कुणाला उचलून न्यावं लागेल, कोणत्या घरात तान्हं बाळ आहे, याची यादी आमच्याकडे आहे आणि दर जूनला ती आम्ही नव्याने करतो. पाणी बघायला, व्हिडिओ काढायला पुलावर गर्दी करायची नाही, हे आमच्या मुलांना आम्ही घरात सांगतो. पात्रात गाड्या लावायच्या नाहीत, हेही. ११२ आणि १०१ हे दोन नंबर प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवले आहेत. आणि चेंबरच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवायला वर्गणी काढली आहे. ती बसली की काकूंच्या बाथरूममधून काळं पाणी यायला नको.

पावसाळा तोंडावर आहे. सगळ्या वस्त्यांत पट्ट्या मारणं एका महिन्यात होणार नाही, हे मला कळतं. दोनच ठिकाणी करून बघा, एक नदीवर आणि एक ओढ्यावर. रंग, ब्रश आणि माणसं आम्ही देतो, तुम्ही फक्त उंची मोजणारा माणूस पाठवा आणि त्या पट्टीचा आकडा तुमच्या मेसेजमध्ये घाला. आमची वही जुलै २०२४ पासूनची आहे, तारीख-वेळेसकट. दोन पानांवर चिखलाचे डाग आहेत, पण वाचता येतं. झेरॉक्स काढून तयार ठेवली आहे, सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या टेबलावर आणून देते.

आपली नम्र,
मुठेकाठची एक रहिवासी
पुणे